सिस्टरच्या गाडीचे ब्रेक

"हात धुतले का?"

गाडीच्या कामाला हात घालायच्या आधी सिस्टरचा हा प्रश्न ठरलेला. आता तुम्हीच सांगा, काळ्या तेलात कोपरापर्यंत बुडायचं आहे, चाकामागची वर्षानुवर्षांची माती नखांत जायची आहे, त्याच्या आधी हात कशाला धुवायचे? पण ती स्वतः पार्किंगच्या नळावर साबण घेऊन जायची, कोपरापर्यंत हात चोळून धुवायची, दोन झटके द्यायची आणि दोन्ही हात वर धरून, कशाला न शिवता, गाडीपर्यंत चालत यायची. ऑपरेशनला निघाल्यासारखी. मग बॉनेटजवळ उभी राहून मला म्हणायची, "भाऊ, उघडा." म्हणजे माझे हात घाण झाले तर चालतील.

ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळी नोकरी दिल्लीत झाली. तिचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तरी आमच्या सोसायटीत कुणाला कळणार नाही, कारण पंजाबी असो, बंगाली असो, गढवाली असो, सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. मीही तोंडावर सिस्टर आणि अहो-जाहो. घरात आमच्या हिच्याशी बोलताना मात्र 'ती'. इथंही तसंच लिहितो. ती माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, त्यामुळे चालतं.

मी सुतार. सरकारी बांधकाम खात्यात उभा जन्म काढला. मोठमोठ्या साहेबांच्या केबिनींची दारं मी बसवलेली आहेत आणि त्यातलं एकही कुरकुरत नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढं मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. दार कुरकुरतंय की नाही, हे ऐकायला चौथीसुद्धा लागत नाही.

गाझियाबादच्या आमच्या ब्लॉकमध्ये मराठी दारं दोनच. आमचं पहिल्या मजल्यावर, तिचं तळमजल्यावर. ती नगरकडची. तिच्या भिंतीवर चर्चचं कॅलेंडर, आमच्याकडे देव्हारा. नाताळात तिच्या करंज्या वर यायच्या, दिवाळीत आमच्या खाली जायच्या, आणि दोन्ही वेळा आमची ही म्हणायची, "सारण तिचंच बरं असतं." कुणी विचारलेलं नसताना.

गाडी होती एक छोटी, लाल, चार दारांची. परदेशी निघालेल्या एका डॉक्टरांकडून तिनं ती जुनीच घेतली होती. रिटायर झाल्यावर चालवायला शिकली. रविवारी प्रार्थनेला जायची, भाजी आणायची, बस्स. मग गावी तिची आई घरातच घसरून पडली. सिस्टर धावत गेली आणि बराच काळ तिकडेच राहिली. परत आली ती फ्लॅट रिकामा करायला. आता गावीच राहायचं, आईजवळ. त्या गावाला दवाखाना लांब, एसटी दिवसातून मोजकी आणि संध्याकाळनंतर तर काहीच नाही. आईला मांडीवर घेऊन मोटारसायकलवरून न्यावं लागलं होतं एकदा. ते सांगताना ती खिडकीबाहेर बघायची.

"गाडी घेऊन जाणार," ती म्हणाली.

पण गाडी इतके दिवस उभी राहून मेली होती. आणि दुसरी अडचण त्याहून वाईट. पंधरा वर्षं झालेली पेट्रोलची गाडी आपल्या ह्या भागात रस्त्यावर आणायची नाही, हा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या गाडीची पंधरा भरत आली होती. तिनं आरटीओत खेटे घालून गाडी महाराष्ट्रात न्यायचा कागद मिळवला. पण त्या तारखेच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर इथून बाहेर पडली तर ठीक, नाहीतर भंगार.

चौकातला मिस्त्री येऊन बघून गेला. त्यानं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि एक आकडा सांगितला. सिस्टर म्हणाली, "एवढ्यात आईच्या घराला नवे पत्रे बसतील. मीच करते."

मी तेव्हा जिन्यात उभा होतो. बोलायची काही गरज नव्हती, पण बोललो. "सिस्टर, हे बायकांचं काम नाही."

"मग कुणाचं?"

"पुरुषाचं."

तिनं पार्किंगमध्ये इकडून तिकडं नजर फिरवली. "कुठंय?"

वर गॅलरीत आमची ही कपडे वाळत घालत होती. ती इतकी मोठ्यानं हसली, की शेजारच्या सरदारणीनं बाहेर येऊन "क्या हुआ, भाभीजी?" म्हणून विचारलं. त्यानंतर मला खाली उतरणं भागच होतं.

तिचा गुरू मोबाइलमध्ये राहायचा. एक जाडा माणूस, कुठल्यातरी गॅरेजात उभा राहून गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ काढणारा. प्रत्येक वाक्यानंतर म्हणायचा, "सिंपल है जी." सिस्टर मोबाइल काचेला टेकवून ठेवायची आणि आम्ही दोघं वाकून बघायचो. तो पाना लावायचा, एक हिसका द्यायचा, नट निघायचा. सिंपल है जी. आम्ही पाना लावायचो, हिसका द्यायचो, पाना निसटायचा आणि माझी बोटं लोखंडावर आपटायची. असं दिवसभर. त्या माणसाला समोर आणा, एवढंच मी म्हणतो. त्याच्या गाडीचे नट त्यानं आधीच सैल करून ठेवलेले असतात, ही माझी खात्री आहे. सिस्टरला सांगितलं तर म्हणते, "प्रत्येक पेशंट सारखा नसतो, भाऊ."

हे आणखी एक. गाडी म्हणजे पेशंट. नट काढताना ती गाडीला सांगायची, "आता जरा दुखेल हं." मी म्हणालो, "तिला ऐकू येत नाही." तर म्हणाली, "तुम्हाला येतं, तरी काय उपयोग होतो?"

काढलेली प्रत्येक वस्तू ती स्टीलच्या ट्रेमध्ये, धुतलेल्या फडक्यावर, ज्या क्रमानं काढली त्या क्रमानं मांडायची. तारांना चिकटपट्टीचे तुकडे लावायची. मी एकदा चहाचा पेला त्या ट्रेवर ठेवला. तिनं पेला उचलला, जमिनीवर ठेवला, फडकं बदललं आणि पुन्हा साबणानं हात धुऊन आली. तेवढ्यात माझा चहा गार झाला. माणसाला चिडायला ह्याहून जास्त काय लागतं?

माझी पद्धत वेगळी. लाकडात स्क्रू जेवढा घट्ट, तेवढा चांगला. जीव खाऊन आवळायचा, वर आणखी अर्धा आटा. मी बॅटरीच्या पट्टीचा बोल्ट तसाच आवळला. कट्. डोकं माझ्या पान्यात, बाकीचा बोल्ट आत.

सिस्टरनं वाकून बघितलं. "फ्रॅक्चर," ती म्हणाली.

"बोल्ट हलका होता."

"हो. तुमच्यापुढं सगळेच हलके."

बोल्ट हलकाच होता. आजही म्हणतो. लाकडाचं बरं असतं. जास्त झालं तर रंधा मारता येतो, कमी पडलं तर पाचर ठोकता येते. लोखंड एकदा रुसलं की रुसलं. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. ही म्हणाली, "दोन म्हातारे मिळून एक गाडी मारताहेत. बघायला मजा येते बाई."

तरी काही गोष्टी मार्गी लागल्या. बॅटरी एका ओळखीच्या रिक्षावाल्याकडून जुनीच पण चालणारी मिळाली. प्लग साफ झाले. एका सकाळी इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि चालू झालं. सिस्टरनं बॉनेटवर तळहात ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत राहिली. नाडी बघत होती. मी हसलो नाही, कारण मीही त्या आवाजात काही कुरकुरतंय का, तेच ऐकत होतो.

राहिले ब्रेक. पाय दाबला की थेट जमिनीला. चाकांच्या आत जी रबरं असतात, तेल अडवून धरणारी, ती वाळून तडकली होती. मोबाइलमधल्या जाड्यानं त्यातलं एक बोटाच्या टोकावर धरून दाखवलं. सिंपल है जी.

आम्ही मेट्रोनं काश्मिरी गेटला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. तिथल्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या असतील. एका दुकानात नुसते आरसे, दुसऱ्यात नुसती दारांची हँडलं. सिस्टर हातात प्लास्टिकची पिशवी आणि त्यात जुनं तडकलेलं रबर घेऊन दुकानांपुढून चालत होती, तपासायला लघवी घेऊन निघाल्यासारखी. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, मिस्त्री को भेज दो."

"मिस्त्री साथ है," असं म्हणून तिनं माझ्याकडं बोट केलं.

मला बरं वाटलं. मी छाती काढली. दुकानदारानं मला गाडीचं मॉडेल विचारलं, साल विचारलं, आणखी काहीतरी इंग्रजीत विचारलं. मी म्हणालो, "लाल है." मागं उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. दुकानदार म्हणाला, "ताऊ, लाल तो मेरी लूना भी थी." सिस्टरनं पिशवीतलं रबर काढून काउंटरवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "भैया, हँसना बाद में. यह देखो." वाटेत मी तिच्याशी बोललो नाही. गाडी लालच होती. मी खोटं काय बोललो?

नव्या रबरांची पुडी कुठल्या वर्षीची होती देव जाणे. धुळीनं माखलेली. आता इथं काय झालं ते नीट बघा, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. सिस्टरला धूळ सहन होईना. घाण वस्तू पेशंटच्या आत कशी घालायची? तिनं वाडग्यात रॉकेल ओतलं, चाकांना लागणारी सगळी रबरं त्यात बुडवून ठेवली, ब्रशनं घासली, पुसली, चकचकीत केली. एक जास्तीचं होतं ते तेवढं पुडीतच राहिलं. मग आम्ही ती बसवली. छान बसली. तेल भरलं. मी आवळलं, पण बेतानं, कारण ती शेजारी उभी राहून "बास, भाऊ, बास" म्हणत होती.

दोन-चार दिवसांनी गाडी रस्त्यावर काढली. ती चालवत होती, मी शेजारी. वळणापर्यंत झकास. मग गाडी जड झाली. मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. सिस्टरनं गिअर बदलला, पाय काढला, काही फरक नाही. बरोबर फ्लायओव्हरच्या तोंडाशी, जिथं चारी बाजूंचे ट्रक, टेंपो आणि रिक्षा एकमेकांच्या अंगावर येतात, तिथं गाडी उभी राहिली आणि पुढच्या चाकांतून धूर यायला लागला. जळक्या वासानं डोकं फिरलं. ब्रेक लागले ते सुटेनातच.

मी उतरून धक्का मारला. गाडी हलेना. मागून हॉर्न. एक टेंपोवाला ओरडला, "ताऊ, इसको स्वर्ग में ले जा!" दुसरा म्हणाला, "आंटी, ताऊ को अंदर बिठाओ, आप धक्का मारो!" लोकांना दुसऱ्याची गाडी बंद पडली की किती आनंद होतो. शेवटी चार रिक्षावाल्यांनी ढकलत, घासत गाडी कडेला लावली. चाकं गार व्हायची वाट बघत आम्ही कठड्यावर बसलो. ऊन डोक्यावर आलेलं. गोगलगायीच्या चालीनं आम्ही घरी आलो तेव्हा दुपार झाली होती.

संध्याकाळी तिनं चाक उघडून रबर काढलं. जास्तीचं जे पुडीत राहिलं होतं ते आणलं आणि दोन्ही रबरं ट्रेमध्ये शेजारी-शेजारी ठेवली. रॉकेलमध्ये धुतलेलं रबर चांगलंच मोठं झालं होतं. मऊ पडलं होतं.

"सूज आलीय," ती म्हणाली. मग वास घेऊन, "रॉकेलनं. माझ्या हातानं झालं हे."

माझ्या डोळ्यांसमोर तो टेंपोवाला होता. मी म्हणालो, "तुमच्या त्या धुण्यापायी. उठता बसता धुणं! गाडी आहे ती, बाळंतीण नाही. बरं झालं, फ्लायओव्हरच्या तोंडाशी झालं. घाटात झालं असतं म्हणजे?"

बोललो ते बोललो. तिनं ट्रेवर फडकं टाकलं आणि आत गेली. दार लागलं.

त्यानंतर ती पार्किंगमध्ये आली नाही. मीही गेलो नाही. मी का जाऊ? गाडी माझी नव्हती. ही मला रोज विचारायची, "आज डॉक्टर कामावर नाहीत वाटतं?" मी पेपर वाचायचो. म्हणजे चित्रं बघायचो. खालून नळाचा आवाज आला की कान तिकडं जायचे, पण कुणीतरी दुसरंच बादली भरत असायचं.

मग एका सकाळी गॅलरीतून दिसलं, की सोसायटीचा सेक्रेटरी एका माणसाला घेऊन गाडीजवळ उभा आहे. भंगारवाला. तो दारावर बोटांनी टकटक करत होता, टपावर थाप मारत होता, कलिंगड घेतल्यासारखा. सेक्रेटरी म्हणत होता, "सिस्टर, डेट निकल जाएगी तो फँस जाओगी. आज ही दे दो, बात खतम." सिस्टर हात छातीशी बांधून उभी होती. मान हलवत होती. हो म्हणत होती की नुसतीच हलवत होती, वरून कळेना.

मी चप्पल न घालता उतरलो.

"क्या देख रहे हो?" मी भंगारवाल्याला विचारलं.

"गाड़ी उठानी है, ताऊजी."

"नहीं उठानी. काम चालू है."

सेक्रेटरी म्हणाला, "अंकल, गाड़ी सिस्टर की है."

"गाड़ी उनकी, काम मेरा. आधा काम छोड़ के मैंने आज तक एक खिड़की नहीं दी किसी को."

भंगारवाला माझ्या अनवाणी पायांकडं बघून हसला आणि निघाला. सेक्रेटरीही कपाळाला हात लावून गेला. सिस्टर तिथंच उभी. मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "कागदाची तारीख जवळ आलीय. रबर आणायला जायचंय की नाही?"

ती म्हणाली, "ह्या वेळी रंग विचारला तर तुम्ही बोलू नका."

पुन्हा काश्मिरी गेट. पुन्हा पुडी. ह्या वेळी तिनं रबरं ब्रेकच्याच तेलात बोट बुडवून पुसली, दुसऱ्या कशाला शिवू दिलं नाही. आत राहिलेलं खराब तेलही सगळं काढून टाकलं. आता राहिलं शेवटचं आणि सगळ्यात जीवघेणं काम. मागच्या वेळी ते कसंबसं जमलं होतं, पण ह्या वेळी सगळं तेलच काढलेलं. ब्रेकच्या नळ्यांत हवा राहिली, तर पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. ती हवा काढायची. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकामागचा छोटा नट सैल करून हवा आणि तेल बाहेर सोडायचं, नट बंद करायचा, मग आतल्यानं पाय सोडायचा. नट बंद व्हायच्या आधी पाय सुटला की हवा परत आत. मोबाइलमधल्यानं काय म्हटलं असेल ते मी सांगत नाही.

सिस्टरनं घरातून सलाइनची नळी आणली. एक टोक चाकामागच्या नटावर, दुसरं टोक तेलाच्या बाटलीत. नळी पारदर्शक, त्यामुळे आतला बुडबुडा दिसायचा. ती चाकाशी पाट टाकून बसली. मी सीटवर.

"दाबा."

दाबला.

"धरा... धरून ठेवा... बंद केला. सोडा."

सोडला. असं एका चाकाला कितीदा, आणि चाकं चार. माझा उजवा गुडघा आधीच कामातून गेलेला. मध्येच कळ आली.

"सोडलंत," खालून आवाज आला.

"नाही."

"बुडबुडा मागं गेला, भाऊ. मला दिसला."

"मी नाही सोडला."

"मग नळी खोटं बोलते का?"

"मग नळीलाच बसवा इथं, दाबायला!"

ती उठून खिडकीशी आली. मला वाटलं, आता भांडण. ती म्हणाली, "आमच्या वॉर्डात नळीत एवढीशी हवा दिसली तरी हात थांबायचा. डॉक्टर ओरडू देत, नातेवाईक ओरडू देत. ह्या गाडीत मी आईला बसवणार आहे. पुन्हा दाबा."

पुन्हा दाबला. पुन्हा कळ. मग मी उतरून घरी गेलो, शिसमाचा एक जुना तुकडा होता तो सीटपासून ब्रेकपर्यंत बरोब्बर मापात कापला, टोकाला खाच केली आणि खाली आणला. पाय दाबायचा, टेकू अडकवायचा, मग ती सावकाश नट उघडो की बंद करो. टेकूला गुडघा नसतो.

तिनं तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. "हे आधी का नाही केलंत?"

"आधी तुम्ही विचारलं नाही."

उन्हं उतरेपर्यंत आम्ही चारही चाकं केली. एका चाकाला तर नळीत काहीच दिसत नसताना तिनं वरून आणखी एकदा करायला लावलं. मी चडफडत केलं. शेवटी ब्रेकवर पाय ठेवला, तर तो अर्ध्यातच थांबला. पायाखाली सागवान आल्यासारखा.

"सिस्टर, लागला."

ती आत वाकली, स्वतःच्या हातानं ब्रेक दाबून बघितला आणि खाली पार्किंगच्या फरशीवर तशीच बसून राहिली. कितीतरी वेळ. साडी फरशीवर टेकली होती, तेलात. तिला त्याचं भान नव्हतं.

ती निघाली त्या सकाळी मी शेजारी बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हणालो, होडलच्या पुढं कोसी लागलं की नियमाच्या हद्दीबाहेर, तिथपर्यंत येतो. वाटेत ब्रेक धरले तर धक्का मारायला कुणी हवं. ती म्हणाली, "तुम्ही धक्का मारणार? मागच्या वेळी बघितला." पण दार उघडलं. हिनं डब्यात पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, आणि डोळ्यांत कचरा गेल्याचं निमित्त करून वर निघून गेली.

फरीदाबाद, पलवल, होडल. मी सारखा वाकून चाकांचा वास घेत होतो. तिनं एकदा विचारलं, "काही?" मी म्हणालो, "अजून नाही." चिडायला काही मिळत नव्हतं, आणि त्यामुळे मला काय बोलावं सुचत नव्हतं.

कोसीला बसथांब्याजवळ तिनं गाडी कडेला घेतली. झटका न बसता थांबली. "उतरा, भाऊ. इथून बस मिळेल."

"मथुरेपर्यंत येतो."

"मग आग्र्यापर्यंत म्हणाल."

"आग्र्याचं कोण म्हणतंय?"

"वहिनी वाट बघतील."

उतरलो. दार लावलं. ते एकदा लावून बसलं नाही, पुन्हा लावलं. तिनं आतून हात जोडले, मीही जोडले. गाडी निघाली. थोड्या अंतरावर गतिरोधक होता. तिथं तिनं ब्रेक दाबला आणि मागचा लाल दिवा लागला. एकच. उजवा. डावा लागलाच नाही.

"सिस्टर!" मी ओरडलो. "डावा दिवा! डावा!" काही पावलं पळालोही. गुडघ्यानं नाही म्हटलं. थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. गाडी गतिरोधकावरून उतरली, वेग घेतला आणि ट्रकांच्या आड गेली. एवढं सगळं आम्ही तपासलं, पण एकजण पुढं ब्रेक दाबणार आणि दुसरा मागं उभा राहून बघणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. गाडी चालताना दोघंही पुढं, आणि हवा काढताना तिचा डोळा नळीवर. परतीच्या बसमध्ये मी त्याच एका दिव्यावर चिडत बसलो. मागून ट्रकवाल्याला कळलं नाही तर? अंधार पडल्यावर ती कुठं असेल? घरी पोचल्यावर हिनं विचारलं, "फोन लावू का?" मी म्हणालो, "गाडी चालवताना माणूस फोन घेतो का?" हिनं तरी लावला. कुणी घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. ही किंचाळलीच, "पोचली!" आणि फोन माझ्या हातात दिला.

"मागचा डावा दिवा लागत नाही," मी म्हणालो.

"भाऊ, आधी विचारा तरी, मी कशी आहे म्हणून."

"पोचलात म्हणूनच फोन केलात ना. दिवा बघा."

मागं कुठंतरी कोंबडी ओरडली. एक म्हातारा, बारीक आवाज आला, "कोण गं?"

"दिल्लीचे भाऊ, आई. गाडीचं विचारताहेत."

मग पावलांचा आवाज, काठीचा आवाज, आणि फोनच्या अगदी जवळ तोच बारीक आवाज, मोठ्यानं, दूरच्या माणसाशी बोलतात तसा: "बसले हो मी गाडीत! दवाखान्यात जाऊन आले. हिनं थांबवली तेव्हा हिसका नाही बसला, काही नाही. बरी आहे तुमची गाडी!"

मी फोन हिच्याकडं दिला आणि गॅलरीत गेलो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. नाताळात एक फोन येतो, दिवाळीत आमचा जातो. गुडघ्याची चौकशी होते, आईची होते. तो दिवा बदलला की नाही, ते मात्र तिनं अजूनपर्यंत सांगितलेलं नाही.